खड्डा खणण्याआधी कुणाला काय विचारायचं

मे महिना लागला की फोन सुरू होतात. “ताई, गावाला दोन एकर पडून आहे, जंगल करायचंय. देशी झाडांची यादी पाठवा ना व्हॉट्सॲपवर.” बोलणारा बहुधा ठाणे-डोंबिवलीत असतो, जमीन लांज्याला नाहीतर राजापूरला, आणि पावसाआधी खड्डे मारून घ्यायचे म्हणून जेसीबीवाल्याला ॲडव्हान्स गेलेला असतो. यादी माझ्याकडे आहे, पण मी ती पाठवत नाही. उलट मीच विचारत सुटते. जमीन सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर आहे, उताराला आहे की पऱ्याकाठी, ओढ्याजवळ? शेवटचं रान कधी तुटलं? गुरं कुणाची फिरतात? वणवा कुठल्या अंगानं येतो? पलीकडे थोडा वेळ काही ऐकू येत नाही. मग, “ते काकांना विचारावं लागेल.” विचारा की! काकांना विचारा, आणि काका ज्यांच्याकडे बोट दाखवतील त्यांनाही विचारा.

मी राहते संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. हे सासर. माहेर दापोली तालुक्यात, समुद्राकाठी. घरामागे माझी छोटी रोपवाटिका आहे, तिच्यात फक्त रानातल्या झाडांची रोपं असतात. हापूसची कलमं मिळतील म्हणून गाडी थांबवणारे लोक पिशव्यांतले कुंभे आणि ऐन बघून परत गाडीत बसतात. सासरे लांबून त्या गाडीकडे बघून हळहळतात.

ज्या जागेमुळे मी या भानगडीत पडले ती आमच्या भावकीची वरकस जमीन. आजेसासऱ्यांच्या काळी तिथं नाचणी आणि वरी व्हायची. माणसं मुंबईला गिरणीत गेली, नाचणी थांबली, उतारावर रान वाढलं. मग लाकूडवाला आला. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बाकीचे डोंगर लोकांच्या सातबाऱ्यावर. त्यामुळे इथं रान म्हणजे घरातली ठेव. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, कुणाचं ऑपरेशन निघालं की मोडायची. वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, बिवळा अशा झाडांना परवानगी लागते, ती काढली जाते आणि ट्रक भरतात. मी कुणाला नावं ठेवत नाही. आमचंही रान असंच गेलं, माझ्या लग्नाच्या आधी. त्यानंतर वणवे फिरत राहिले आणि मोकळ्या उतारावर रानमोडीचं तण माजलं.

गणपतीत सगळी भावकी घरी असते, म्हणून निर्णय गणपतीतच होतात, आरती आणि पत्त्यांच्या मधल्या वेळात. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की एकमत होणं हाच चमत्कार. बहुमत काजूला होतं, आणि त्यात नवल नाही. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हापासून इथल्या डोंगरांनी आंबा आणि काजूशिवाय दुसरं काही फारसं पाहिलेलं नाही. शेवटी तोड निघाली ती विहिरीवरून. खालच्या वाडीची विहीर एप्रिलमध्येच तळ दाखवायला लागली होती आणि तिच्या डोक्यावरचा उतार आमचा. वरचा भाग रानाला, खालचा काजूला. चुलत दिरांनी जाता जाता विचारलं, “वहिनी, रानात काय लावणार म्हणे?”

हाच तो प्रश्न. गावात कुणालाही “काय लावू?” असं विचारून बघा, उत्तर ठरलेलं आहे. काजू. फार तर साग, नाहीतर बांबू. पदरचे पैसे घालून कुणी जमिनीत काही लावतंय म्हटल्यावर त्याला उत्पन्न हवं असणार, हा सरळ हिशोब त्यामागं असतो. ऐन लाव असं कुणी कशाला सांगेल? ऐन कुणी लावत नाही, तो असतो. म्हणून प्रश्न समोरच्या माणसाच्या कामातून काढावा लागतो. गुरं राखणाऱ्याला गुरांचं विचारायचं, मोळी आणणारीला लाकडाचं, गुरवाला देवराईचं. झाडं त्या बोलण्यात आपसूक येतात, आणि कारणासकट येतात.

आमच्या वरच्या अंगाला गवळी धनगरांचा वाडा आहे. तिथले एक मामा म्हशी घेऊन याच उतारानं खाली येतात. मी त्यांना विचारलं, “मामा, म्हशी काय काय सोडून देतात?”

“वयनी, भुकेली म्हस काय बी सोडत नाय,” म्हणाले. आणि मग दगडावर बसून बराच वेळ सांगत राहिले. काजऱ्याला तोंड लावत नाहीत, कडूजहर. सातविणीला चीक, ती नको. कुडा नको. धामणीचा पाला मात्र उन्हाळ्यात ओरबाडून खातात, आसाण्याचाही. शिवणीचं रोप दिसलं की संपलंच.

“मग शिवण लावायची कशी?”

त्यांनी काठीनं करवंदाची जाळी दाखवली. वाकून आत बघितलं, तर मधोमध जांभळीचं पोर वर आलेलं, शेजारी आटकीचं. पाखरं आणि उदमांजरं करवंदं खायला येतात, मागच्या जेवणातलं बी इथं टाकून जातात. काट्यांमुळे गुराचं तोंड आत पोचत नाही, सावलीमुळे दिवाळीनंतरही माती लवकर वाळत नाही. रोप जाळीच्या वर डोकं काढतं तोवर त्याचं खोड घट्ट झालेलं असतं. जागा “साफ” करायची म्हणून लोक पहिल्यांदा हीच जाळी तोडतात आणि मग काटेरी तारेच्या कुंपणाला पैसे मोजतात! आम्ही शिवण, धामण आणि बिवळा जाळ्यांत लावले, काही तोरणीच्या झुडपांच्या आडोशाला. उघड्यावर काजरा, सातवीण, कुडा. नकाशा मामांच्या म्हशींनी आखून दिला म्हणायचं. मी पाटी लावायचं म्हणत होते, “येथे वृक्षलागवड केली आहे” अशी. मामा हसले. “म्हशीस्नी वाचाय येत नाय.”

काजऱ्यावरून घरात वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं, बी विषारी आहे, पोरं रानात हिंडतात, ते झाड मुद्दाम लावायचं कशाला? बी विषारी असतं हे खरंच. दुसऱ्या बाजूनं बोलले ते गुरवकाका: काजऱ्याच्या फळातला गर ककणेर खातो. ककणेर म्हणजे धनेशाच्या जातीतला तो मोठ्या चोचीचा काळापांढरा पक्षी, आमच्याकडे अजून दिसतो. त्याला ढोलीसाठी जुनी मोठी झाडं लागतात, आणि तो आला की वड, उंबर, पायरीच्या बिया रानभर पसरतो. तडजोड अशी झाली की काजरा वरच्या बांधाकडे, पायवाटेपासून लांब. बिब्ब्याला मात्र कुणीच हो म्हणालं नाही. त्याचा चीक अंगावर उततो, वाटेवर तो कुणालाच नको. यादीत बिब्बा देशीच आहे, पण ज्यांनी त्या रानात रोज जायचं त्यांचा नकार हीसुद्धा माहितीच.

मोळी आणणाऱ्या बायकांकडून मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली, आणि ती लावण्याबद्दल नव्हतीच. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, त्यामुळे लाकूडफाट्याचं ज्ञान अजून ताजं आहे. खालच्या वाडीतल्या एक काकी पिशव्यांतली रोपं बघून म्हणाल्या, “ह्यी कशाला इकत घेतलीस? खुंट हायत नव्हं?” रानमोडी बाजूला करून त्यांनी मला एकेक खुंट दाखवला. हा ऐन. ही किंजळ. ही धामण. हा कुंभा, ह्याला वणव्यानं काही होत नाही. प्रत्येकाच्या बुडाशी फुटव्यांचा झुडपा होता, गुरांनी आणि कोयत्यानं दरवर्षी खुरटवलेला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला जाळतात, त्या राबासाठी पिढ्यान् पिढ्या ऐन-किंजळीची कवळं, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडलेली. कुठलं झाड किती तोडलं तरी परत येतं हे या बायकांइतकं कुणाला माहीत असणार? त्यांच्या सांगण्यावरून आम्ही प्रत्येक खुंटावर दोन सरळ फुटवे ठेवले आणि बाकीचे काढले. काढलेले त्या घेऊन गेल्या. खाली मुळं जुनी, खोल गेलेली, त्यामुळे हे फुटवे माझ्या पिशवीतल्या रोपांना पहिल्याच पावसात मागं टाकतात. दिवाळीनंतर गवत वाळलं की कडेनं जाळरेषा काढायची, म्हणजे वणवा अडवायला एक पट्टा मोकळा करायचा, हाही त्यांचाच आग्रह. आमचं अर्ध्याहून जास्त जंगल हे असं आहे, लावलेलं नाही, राखलेलं. पण “राखलं” याचा फोटो काढता येत नाही, म्हणून त्याला देणग्या मिळत नाहीत. असो.

गुरवाकडे मी बियांसाठी गेले. आमची देवराई लहान आहे, त्याच डोंगराच्या त्याच उताराला, आमच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. राईतलं वाळकं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही असा दंडक. बिया गोळा करू का, विचारल्यावर काका म्हणाले, “मी कोन सांगनार? देवाला इचारू.” कौल लावला, देवानं उजवा दिला. (सासूबाईंनी नंतर खाजगीत सांगितलं की डावा आला असता तर काकांनी पुढच्या सोमवारी पुन्हा लावला असता.) अशा राखणीचं मोल किती, ते दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला कळतं. तिथं रानजायफळाची पाणथळ राई आहे, चिखलातून मुळांच्या कमानी वर आलेल्या. गावानं ती देवाची म्हणून ठेवली म्हणून ती अभ्यासकांना सापडली, आणि पुढं तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

राईत गेल्यावर मोह होतो की जे इथं आहे तेच आपल्या उतारावर लावावं. भेरली माड, सीतेचा अशोक, झाडांवर चढलेली गारंबी. गुरवकाकांनी तिथंच थांबवलं. राईच्या आतलं झाड सावलीत वाढलेलं, बाहेरच्या उन्हात ते करपतं. राईच्या कडेला काय आहे ते आधी न्यायचं. कडेला होते ऐन, किंजळ, कुंभा, बेहडा, चांदाडा, आवळी. आतली झाडं बाहेर न्यायची ती या कडेच्या झाडांची सावली पडायला लागल्यावर. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात याच क्रमाला नाव आहे आणि त्यावर एक प्रकरण आहे. काकांचं शिक्षण सातवी.

बियांचं वेळापत्रकही तिथंच पक्कं झालं. किंजळीची फळं थंडीत पिकतात, तेव्हा आख्खा डोंगर तांबूस दिसतो, आणि पोतंभर गोळा केलं तरी बी बहुतेक पोकळ निघतं. म्हणून किंजळ शक्यतो खुंटावरच राखायची. बेहडा उदार, टाकाल तिथं उगवतो. हिरडा रडवतो. जांभूळ आणि रातांबा, म्हणजे कोकम, मात्र वाट बघत नाहीत. मे-जूनमध्ये फळ खाल्लं, बी धुतलं, त्याच आठवड्यात पिशवीत गेलं पाहिजे. वाळवून डब्यात ठेवलेलं बी पुढच्या वर्षी निव्वळ कचरा. रातांब्याची गंमत निराळीच. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केली तर निम्म्याच्या आसपास नर निघतात, फळ नाही म्हणून बागायतदार ते काढून टाकतात. त्यांच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ची कलमं आहेत. रानात मला दोन्ही हवेत, तेव्हा बागायतदारांचे टाकाऊ नर मी हौसेनं मागून आणते.

आता सडा. फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची जमीन सड्यावर असते, कारण ती स्वस्त मिळते. सपाट, काळा कातळ, मे महिन्यात पाय भाजतो. बघणाऱ्याला वाटतं, उजाड झालंय, इथं तर झाडांची खरी गरज! कातळात सुरुंगानं नाहीतर मशीननं खड्डे घेतात, बाहेरून माती आणून भरतात, टँकरनं पाणी घालतात. एका मोठ्या कंपनीच्या पैशातून झालेली अशी एक लागवड मी पाहिली. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या सरळ रांगा, खाली गवताचं पातं नाही. सड्याखालच्या वाडीतल्या एका आजोबांना विचारलं, पूर्वी इथं काय होतं? “काय म्हंजे? गवात.” त्यांच्या लेखी प्रश्नच विचित्र होता. सडा हा गवताचाच, घरं शाकारायचं गवत तिथलं, पावसाळ्यात गुरं तिथं. श्रावणात त्याच कातळावर वीतभर पाण्यात सीतेची आसवं फुलतात. जंगल तुटून सडा झालेला नाही, तो असाच आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्याच उघड्या कातळावर चित्रं कोरली. उक्षी, जांभरुण, बारसूची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथं झाड लावणं म्हणजे जंगल परत आणणं नव्हे. सड्यावर जमीन असलेल्यांना मी सांगते, लावू नका, चर काढू नका, जेसीबीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स विसरा. फार कमी जण ऐकतात. सड्याच्या कडेला, जिथं कातळ फुटून माती धरते, तिथल्या भेगांत पायर, नांद्रुक आपण होऊन आलेले असतात. तेवढं वणव्यापासून वाचवलं तरी पुष्कळ.

माहेरी वेगळाच मामला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यानं पोफळी-माडांच्या बागा आडव्या झालेल्या पाहिल्या. आमच्या वाडीत समुद्राच्या अंगाला लावलेली सुरूची झाडंही पडली, पण विहिरीजवळची जुनी उंडी उभी होती, फांद्या मोडून का होईना. वादळानंतर जो तो सुरूच परत लावायला निघाला, कारण रोपं मिळतात ती सुरूची. माझ्या भावानं खारवीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तुमच्या लहानपणी पुळणीच्या मागं काय होतं? उंडी, करंज, भेंड, केवड्याचं बेट. उंडीच्या तेलाचे दिवे जळायचे, लाकूड होडीला जायचं. ही झाडं कुणी वादळासाठी लावली नव्हती, पण ती खाऱ्या वाऱ्यातच वाढलेली होती. आता दर मोसमात मी उंडीची रोपं तिकडे पाठवते. कठीण कवचाला हलक्या हातानं तडा देऊन बी पेरलं की लवकर रुजतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे जुन्या माणसांना सगळं कळतं. तसं नसतं. ज्याचा उपयोग नाही त्या झाडाला “रानटी” म्हणून लोक पुढं जातात. वेलींकडे तर सगळ्यांचंच दुर्लक्ष. साठीच्या माणसाला आठवतं ते रानही एकदा तुटून परत वाढलेलंच असतं, त्याच्या आधीचं फक्त राईत बघायला मिळतं. शिवाय गैरसमजही असतात. रानात फळझाडं लावली की वानरं बागेत येणार नाहीत, असं आमच्याकडे छातीठोक सांगतात. त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. वानराला उंबर आवडतं, पण केळंही आवडतं. पण उंबर तसाही लावायचाच आहे, तेव्हा मी वाद घालत नाही.

लाकडाचं विचारायला मी गावातल्या सुतारांकडेही गेले होते. त्यांनी सांगितलेल्या झाडांपैकी एक लावायचं राहिलं आहे, हेद. त्यांच्या वडिलांनी हेदीच्या पिवळ्या लाकडाचं काम केलेलं, आता आसपास एकही मोठा हेद उरलेला नाही, आमच्या राईतही नाही. बी धुळीसारखं बारीक, पहिल्या सरीत वाहून जातं, म्हणून ते झाडावरून वेळेत उतरवून, ट्रेमध्ये, छपराखाली, बारीक वाळूवर पेरावं लागतं. संगमेश्वर, लांजा, राजापूर या पट्ट्यात कुणाच्या गावी जुना हेद उभा असेल तर मला कळवा. आणि त्याच्याखाली गुरं बसतात का, पाणी कुठल्या बाजूला आहे, हेही विचारून ठेवा.